रस्ट : पडद्यावर हुबेहूब दिसणारे दोन शब्द जुळत नाहीत, इनम आणि स्ट्रिंगची सांगड कशी घालू?

बागायतदार_तासगाव (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण गेले ४ दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

तासगावजवळ आमची २ एकर द्राक्षबाग आहे. आजूबाजूच्या ६ बागांचा मिळून गट आहे. वेदर स्टेशन फक्त आमच्या बागेत. बाकीचे पाचजण सकाळी ७ वाजता बांबूला बांधलेलं फडकं बघतात आणि सामायिक शीटमध्ये दिशा मराठीत लिहितात: पूर्व, ईशान्य, वायव्य, जे असेल ते. त्या शीटची सीएसव्ही फाइल रोज आमच्या घरातल्या छोट्या लिनक्स बोर्डावर उतरते. मी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम ती वाचतो आणि पडद्यावर सांगतो की आज कोणत्या बागेत फवारणीचा ब्लोअर कोणत्या बाजूने चालवायचा आणि कुठल्या कडेच्या ओळी सोडायच्या. डिप्लोमाला सी शिकलो होतो. पहिला प्रोग्रॅम सीमध्येच होता, पण पॉइंटरच्या कुठल्यातरी चुकीने तो मध्यरात्री बंद पडायचा, म्हणून रस्टकडे वळलो.

गेल्या मंगळवारी चुलत्यांच्या बागेसाठी पडद्यावर ‘वारा उत्तरेकडून’ असं आलं. वडिलांनी त्या हिशोबाने बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी सुरू केली. वारा खरा पूर्वेचा होता. पहाटे तो इतका मंद होता की त्यांना अंगावर जाणवला नाही, ८ नंतर वाढला. पश्चिमेच्या बांधाला लागून शेजाऱ्यांचा वैरणीचा मका आहे, त्याची पानं निळसर झाली. त्यांच्या २ म्हशी त्याच वैरणीवर आहेत. आम्ही आमच्याकडची वैरण नेऊन दिली, पाया पडून माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनाने घेतलं. पण वडिलांनी वाऱ्याकडे न बघता पडद्याकडे बघितलं, कारण तो मी लिहिला होता. हे माझ्या मनाला लागलंय.

आता तांत्रिक. फाइलची प्रत्येक ओळ मी हॅशमॅपमध्ये (नावावरून मूल्य शोधायच्या सारणीत) घेतो, शीर्षक ही की (किल्ली) आणि खाली लिहिलेलं मूल्य, दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. मग ‘वाऱ्याची दिशा’ या कीने मूल्य काढतो आणि सापडलं नाही तर अनरॅप_ऑर लावून ‘उत्तर’ धरतो. पुढे सगळीकडे इफ दिशा == "पूर्व", इफ दिशा == "पश्चिम" असं चाललंय. सोमवारी रात्री चुलतभावाने नव्या लॅपटॉपवर शीट परत बनवली आणि त्यानंतर त्या फाइलमध्ये की सापडेनाशी झाली. सगळ्या बागांचा वारा उत्तरेचा झाला. दोन्ही शीर्षकं शेजारी ठेवून डोळे फाडून बघितली, अक्षर न् अक्षर सारखं आहे. लांबी छापली तर माझ्या कोडमधल्या शीर्षकाची ३७ येते, फाइलमधल्याची ४०. आधी आणि नंतर रिकामी जागा असेल म्हणून ट्रिम लावलं, तरी ४०.

दुसरी अडचण. इतक्या इफ ऐवजी मॅच लिहायला गेलो तर कंपायलर म्हणतो, स्ट्रिंग अपेक्षित होती, मिळाली संदर्भित एसटीआर. तिसरी अशी की इनम (ठरावीक नावांपैकीच एक मूल्य घेणारा प्रकार) करावा असं वाटतंय, पण मग नावावरून इनम आणि इनमवरून नाव असं तेच दोनदा लिहावं लागतं. एक ठिकाणी सुधारलं आणि दुसरीकडे राहिलं तर परत तोच घोळ. जाणकारांनी वाट दाखवावी.

पुणे_बॅकएंड

दादा, वैरणीचं वाचून वाईट वाटलं. सोपं आधी उरकतो. मोबाइलवरून मराठी कीबोर्डनेच लिहितोय, तेव्हा कीवर्ड उच्चाराप्रमाणे समजून घ्या.

मॅच अडतो कारण स्ट्रिंग ही हीपवर (प्रोग्रॅम चालताना मागून घेतलेल्या मेमरीत) जागा घेणारी, वाढू शकणारी, मालकीची वस्तू आहे आणि अवतरणचिन्हांतला शब्द हा बायनरीतच कोरलेला तुकडा, ज्याकडे आपण फक्त बोट दाखवतो. मॅचच्या नमुन्यात स्ट्रिंग लिहिता येत नाही. म्हणून आधी तिच्याकडून उसना तुकडा मागायचा:

मॅच शब्द.अ‍ॅज_स्ट्र() {
  "उत्तर" => ओके(दिशा::उत्तर),
  "ईशान्य" => ओके(दिशा::ईशान्य),
  … उरलेल्या ६ …
  वेगळंच => एर(त्रुटी::अनोळखी(वेगळंच.टू_स्ट्रिंग())),
}

हे फ्रॉमस्ट्र नावाच्या ट्रेटमध्ये (प्रकाराने पाळायच्या करारात) बसवा, म्हणजे कुठूनही शब्द.पार्स() म्हणता येतं. उलट बाजूला डिस्प्ले ट्रेट लिहा. तो लिहिला की टू_स्ट्रिंग फुकट मिळतं. डिराइव्ह डीबग करून त्याचंच छापलेलं नाव फाइलमध्ये लिहू नका. ती सोय लॉगसाठी आहे, तिच्या रूपाची हमी भाषा देत नाही.

दोनदा लिहिण्याचा त्रास स्ट्रम नावाच्या क्रेटने (तयार लायब्ररीने) जातो. प्रत्येक व्हेरिएंटच्या (इनममधल्या एकेका नावाच्या) डोक्यावर त्याचं नाव एकदाच लिहायचं, दोन्ही दिशांचा कोड तो तयार करतो.

पण खरा दोष अनरॅप_ऑर("उत्तर") मध्ये आहे. माहिती नसणं आणि वारा उत्तरेचा असणं या दोन गोष्टी तुम्ही एकच करून टाकल्या. फंक्शनने ऑप्शन<दिशा> परत करावं, म्हणजे एकतर दिशा किंवा ‘काही नाही’. त्याला जागाही जास्त लागत नाही: ८ व्हेरिएंटचा साधा इनम १ बाइटचा आणि त्याचा ऑप्शनसुद्धा १ बाइटचाच, कारण न वापरलेल्या आकड्यांपैकी एक ‘काही नाही’साठी कंपायलर घेतो. ६४ बिटच्या मशीनवर स्ट्रिंगचं नुसतं डोकं २४ बाइटचं असतं, अक्षरं हीपवर वेगळीच.

४० आणि ३७चं म्हणाल तर बहुतेक झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं, न दिसणारं चिन्ह) घुसलाय. ट्रिम तो काढत नाही, कारण युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या प्रमाणाच्या) लेखी ती मोकळी जागा नव्हे. वाचतानाच सगळे जॉइनर काढून टाका, विषय संपला.

अक्षरजुळारी

शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही आणि का ते नीट सांगते, कारण मराठीत सगळ्यात जास्त घोळ याच जागी होतो. माझी निम्मी नोकरी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यात गेली.

‘वाऱ्याची’ या शब्दात जो आडवा, पापणीसारखा र आहे तो युनिकोडमध्ये ३ तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. पहिली तऱ्हा: ऱ (यू+०९३१), मग हलन्त, मग य. दुसरी: साधा र (यू+०९३०), हलन्त, त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी), मग य. तिसरी: साधा र, त्याखाली नुक्ता (यू+०९३सी), हलन्त, य. बहुतेक फॉन्टमध्ये तिन्ही सारखीच दिसतात. दुसरी चूक नाही बरं का. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळवून घ्यायचं म्हणून ती प्रमाणातच राखून ठेवलेली आहे आणि कित्येक मराठी टंकनसाधनं अजून तीच देतात.

आता तुमचे आकडे मोजू. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (ते आकडे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. व, काना, ऱ, हलन्त, य, काना, च, वेलांटी, अशी ८ चिन्हं म्हणजे २४. मधली मोकळी जागा १. ‘दिशा’ची ४ चिन्हं म्हणजे १२. बेरीज ३७. ही तुमच्या कोडमधली पहिली तऱ्हा. फाइलमध्ये एक चिन्ह जास्त आहे, म्हणून ४०. पण गंमत अशी की जॉइनरही ३ बाइटचा आणि नुक्ताही ३ बाइटचा! नुसत्या लांबीवरून दुसरी तऱ्हा की तिसरी ते कळत नाही. आणि फाइलचं पहिलंच शीर्षक असेल तर सुरुवातीला बसणारी बीओएम खूणसुद्धा ३ बाइटचीच. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही जतन केली की ती खूण येतेच, आणि ट्रिम तिलाही हात लावत नाही.

म्हणून अंदाज नको, बघून घ्या. प्रिंटलाइनमध्ये साध्या महिरपी कंसाऐवजी कोलन आणि प्रश्नचिन्ह घातलेला कंस वापरून ते शीर्षक छापा. रस्टचं डीबग छापणं न दिसणारी चिन्हं उघडी पाडतं: जॉइनर असेल तर शब्दाच्या मध्यभागी उलटी तिरपी रेघ, यू आणि कंसात २००डी असं स्वच्छ दिसेल. बीओएम असेल तर एफईएफएफ. दोन्हीपैकी काही दिसलं नाही तर नुक्ता समजा आणि एस्केप_युनिकोडने एकेक चिन्ह छापून खात्री करा.

सगळे जॉइनर सरसकट काढले तर काय होईल? दुसऱ्या तऱ्हेतला जॉइनर गेला की उरतं र, हलन्त, य, म्हणजे रफार. ‘वार्‍याची’चं ‘वार्याची’ होतं आणि तरीही तुमच्या ‘वाऱ्याची’शी जुळत नाही. म्हणजे काढून उपयोग शून्य. वर दुसरीकडे अर्थच बदलतो: ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. हा फरक ज्या एका चिन्हावर उभा आहे तेच आपण केर समजून झाडून टाकायचं, हे मला बघवत नाही.

काढायचं नाही, एका रूपावर आणायचं. क्रम असा ठेवा. सुरुवातीची बीओएम खूण असेल तर स्ट्रिप_प्रीफिक्सने काढा. मग युनिकोड-नॉर्मलायझेशन या क्रेटचं एनएफसी (समान मानलेली रूपं एकाच रूपात आणणारी क्रिया) लावा (हे रस्टच्या मूळ लायब्ररीत नाही). एनएफसी तिसरी तऱ्हा पहिलीत आणतं, कारण ऱ आणि र अधिक नुक्ता हे प्रमाणानुसार समान मानलेले आहेत. दुसऱ्या तऱ्हेला मात्र एनएफसी शिवतसुद्धा नाही. ती तुम्हालाच रिप्लेसने बदलावी लागेल: र, हलन्त, जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त. कोडमध्ये ती तिकडी प्रत्यक्ष टाइप करू नका, यू-कंसातल्या आकड्यांनीच लिहा. नाहीतर ६ महिन्यांनी तुम्हालाच दिसणार नाही की तिथे काय आहे.

आणखी एक बदल घाला. जुन्या फॉन्टमधून आलेल्या मजकुरात आ हा एक अक्षर नसून अ आणि पुढे काना अशी जोडी असते. ‘अाग्नेय’ तसंच येईल. तेही एनएफसी एक करत नाही.

आता इनमबद्दल थोडं, कारण इथे रस्टचा एक सुंदर भाग आहे. १.५३ या २०२१च्या आवृत्तीपासून व्हेरिएंटची नावं देवनागरीत लिहिता येतात, दिशा::नैऋत्य चालतं. अशा नावांना कंपायलर स्वतः एनएफसी लावतो, त्यामुळे एका फाइलमध्ये ऱ आणि दुसऱ्या फाइलमध्ये र-नुक्ता टाइप झालं तरी नाव एकच समजलं जातं. आणि जॉइनर नावात चालतच नाही, कंपायलर तिथेच थांबवतो. पण अवतरणचिन्हांच्या आत तो काहीही बदलत नाही. तिथे जे बाइट टाइप केले तेच बाइट. शेजाऱ्यांचा मका निळा करणारा बहुधा जॉइनरच, तो इनमच्या नावात असता तर प्रोग्रॅम बांधलाच गेला नसता. स्ट्रिंगमध्ये होता म्हणून गुपचूप बसला. म्हणून शब्द वेशीवर थांबवावेत. फाइल वाचणाऱ्या फंक्शनच्या आत स्ट्रिंग, त्याच्या बाहेर फक्त दिशा. तुमच्या फवारणीच्या हिशोबात "पूर्व" हा शब्द एकदाही दिसता कामा नये.

शीर्षकांनाही हेच लागू. ‘वाऱ्याची दिशा’, ‘दिनांक’, ‘बाग’ यांचाही एक छोटा इनम करा, स्तंभ नावाचा. पहिली ओळ वाचतानाच सगळे स्तंभ सापडले का ते बघा. एक जरी नसला तरी फाइल नाकारा.

राहिलं नैऋत्य. कोशात आणि जुन्या पुस्तकांत ‘नैर्ऋत्य’ सापडेल, निर्ऋतीपासून आलेलं. हवामानाच्या बातम्यांत बहुतेक ‘नैऋत्य’. सकाळी फडकं बघून मोबाइलवर लिहिणारा माणूस ‘नैरुत्य’ही लिहील. तिन्ही स्वीकारा, बाहेर छापताना एकच छापा. स्ट्रममध्ये एका व्हेरिएंटला अनेक रूपं देता येतात. मी मात्र हाताने लिहिलेली सारणी पसंत करते. शब्दांची निवड हा माणसाचा निर्णय आहे, तो एका पानावर उघड दिसावा.

पुणे_बॅकएंड

ताई, जॉइनर काढण्याचा माझा सल्ला मागे घेतो. आमच्याकडे ग्राहकांची नावं शोधताना मी गेली २ वर्षं तेच करतोय. ‘गोऱ्हे’ आणि ‘कुऱ्हाडे’ का सापडत नाहीत ते आज कळलं. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

सी_वाला_काका

मी १९९० च्या दशकापासून मोजमाप यंत्रांची फर्मवेअर लिहितो, बहुतेक सीमध्ये. रस्ट अलीकडे शिकलो. बागायतदार, तुमचा नाव आणि इनम जोडण्याचा भाग माझ्या रोजच्या कामातला आहे म्हणून लिहितो.

सीमध्ये इनम म्हणजे नुसता पूर्णांक. कंपाइल झालं की नावं गेली. प्रिंटएफने छापलं की ५ येतं, आणि ५ म्हणजे कोण ते तुमच्या डोक्यात. म्हणून आम्ही एक्स-मॅक्रो वापरायचो: नावांची यादी एकदाच मॅक्रोत लिहायची आणि तीच यादी एकदा इनम म्हणून, एकदा अवतरणचिन्हांतले शब्द म्हणून उलगडायची. दिसायला ओबडधोबड, पण नाव दोनदा लिहावं लागत नाही. झिग भाषेत यासाठी काहीच करावं लागत नाही. @टॅगनेम इनमचं नाव देतं आणि स्ट्रिंगटूइनम उलट काम करतं, न जुळल्यास नल. रस्टने ही सोय भाषेत न ठेवता क्रेटवर सोडली. मला ते सुरुवातीला खटकलं. ताईंचं नैऋत्य वाचून मत बदललं. कोडमधलं नाव आणि माणसाने लिहायचा शब्द या एकच गोष्टी नाहीत.

तुमच्या ८ दिशांसाठी क्रेटही नको. दिशा::सर्व नावाचा ८ घरांचा स्थिर अ‍ॅरे करा. नाव() हे एकच फंक्शन मॅचने लिहा, ते स्थिर शब्द परत करेल, हीपला हात न लावता. उलट फंक्शनमध्ये सर्ववर फिरून ज्याचं नाव() जुळेल तो परत करा, न जुळल्यास वेगळ्या रूपांची सारणी बघा. ८ तुलनांना वेळ लागत नाही. मग एक टेस्ट: सर्वमधल्या प्रत्येकाचं नाव घेऊन परत पार्स केलं तर तोच मिळतो का.

नाव() मध्ये शेवटी अंडरस्कोर टाकून ‘बाकी सगळं’ अशी फांदी लिहू नका. सीमध्येही मी स्विचला डिफॉल्ट टाकत नाही, कारण डिफॉल्ट असला की जीसीसी कंपायलरचा -डब्ल्यूस्विच हा इशारा गप्प बसतो. नसला तर राहिलेल्या केसचं नाव घेऊन सांगतो. रस्टमध्ये तर ही नुसती सूचना नाही, फांदी राहिली की प्रोग्रॅम बांधला जातच नाही. ती राखण स्वतःहून घालवू नका.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. एका गावाजवळच्या धरणावर आमचं वारा मोजणारं यंत्र होतं. जागा वाचावी म्हणून नोंदीत दिशेचा शब्द न ठेवता इनमचा आकडा ठेवला होता: उत्तर ०, ईशान्य १, पूर्व २, आग्नेय ३, दक्षिण ४, नैऋत्य ५, पश्चिम ६, वायव्य ७. आकडे मी लिहिले नव्हते, क्रमाने आपोआप पडलेले. पुढे १६ दिशा हव्या झाल्या. मी मध्ये मध्ये ८ नवी नावं घातली आणि नवी आवृत्ती चढवली. आता ४ म्हणजे पूर्व झाला होता. जुन्या नोंदीतला दक्षिणेचा प्रत्येक वारा पूर्वेचा दिसायला लागला. कुठेही त्रुटी नाही, काही बंद पडलं नाही, आलेख छान निघत होते. ३ महिन्यांनी तिथल्या एका ऑपरेटरने विचारलं, साहेब, पावसाळ्यात इथे वारा पूर्वेचा कधी असतो? त्याला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

तेव्हापासून आकडा जर फाइलमध्ये किंवा तारेवरून जाणार असेल, तर मी प्रत्येक नावापुढे तो हाताने लिहितो. रस्टमध्ये वर रेप्र(यू८), म्हणजे १ बाइटचा आकडा म्हणून ठेव, आणि खाली उत्तर = ०, ईशान्य = १ असं. तो आकडा मग कधीच बदलायचा नाही, नवं नाव आलं तर नवा आकडा. आकड्यावरून इनम करताना ट्रायफ्रॉम (तपासून रूपांतर, न जमल्यास त्रुटी) लिहा. काही जण घाईत ट्रान्सम्यूट (न तपासता बाइट तसेच इनम मानणं) करतात. फाइलमध्ये चुकून ९ आला तर ८ व्हेरिएंटच्या इनममध्ये ९ घालणं म्हणजे अपरिभाषित वर्तन. तिथून पुढे प्रोग्रॅम काय करेल याचा कुणीच जबाबदार नाही.

तुमचं वेदर स्टेशन अंश देतं का? देत असेल तर त्यात २२.५ मिळवा, ४५ ने भागा, पूर्णांक घ्या, ८ ने भागून बाकी घ्या. ३५० अंशाची बाकी ० येते, म्हणजे उत्तर. हे २२.५ विसरलं की उत्तरेचा अर्धा वारा वायव्येत जातो.

बागायतदार_तासगाव

ताई, काका, दादा, तिघांचेही मनापासून आभार. रात्री बसून केलं, ते कळवतो.

कोलन-प्रश्नचिन्ह लावून छापलं आणि बघतच राहिलो. र आणि य यांच्या मधोमध २००डी उभा होता. ४ दिवस ज्या शब्दाकडे बघत होतो त्याच्या पोटात. चुलतभावाच्या नव्या लॅपटॉपवर मराठीचं वेगळं टंकनसाधन आहे, ते जॉइनरवालं रूप देतं. त्याची काही चूक नाही, त्याला तसं लगेच फोन करून सांगितलं. तोही मंगळवारपासून मनाला लावून घेत होता.

मग ताईंच्या क्रमाने शुद्ध() नावाचं फंक्शन लिहिलं. पहिला स्तंभ ‘दिनांक’ आहे आणि त्याच्या पुढ्यात खरोखर एफईएफएफ निघालं! म्हणजे तोही स्तंभ जुळत नव्हता. तारीख नसली तर मी आजची धरत होतो, म्हणून कधी लक्षात आलं नाही. हीसुद्धा तीच ‘उत्तर’ धरण्याची सवय. आता स्तंभ इनम केलाय, ३ पैकी एक जरी नसला तर फाइल घेतच नाही.

काकांच्या पद्धतीने सर्व अ‍ॅरे, नाव() आणि टेस्ट लिहिली. फवारणीच्या भागातून सगळे शब्द काढले, तिथे आता फक्त दिशा येते. काढताना एके ठिकाणी मी "पुर्व" असं ऱ्हस्व उकार देऊन लिहिलेलं सापडलं. ती अट आजपर्यंत एकदाही खरी झाली नसणार. इनम असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

एक अडचण मात्र नवीन आली. वेदर स्टेशनजवळ १६ अक्षरांचा छोटा डिस्प्ले आहे, त्यावर दिशेचं लहान रूप हवं होतं. नावाचे पहिले ४ बाइट कापले तर प्रोग्रॅम पॅनिक होऊन पडला.

अक्षरजुळारी

पडणारच. ३-३ बाइटच्या चिन्हांत ४ वर कापलंत म्हणजे दुसऱ्या चिन्हाच्या मधोमध सुरी गेली. रस्ट तसं कापू देत नाही. ६ वर कापलंत तर पडणार नाही, पण ‘पश्चिम’चं ‘पश’ होईल आणि ‘ईशान्य’चं ‘ईश’. चिन्हांच्या हिशोबाने कापलं तरी जोडाक्षरं तुटतात. शब्द कापू नका, इनमला विचारा. लघुनाव() असं दुसरं फंक्शन लिहा: उ, ई, पू, आ, द, नै, प, वा. आठही वेगळी आहेत, कुठेही गोंधळ नाही. फक्त तो डिस्प्ले देवनागरी दाखवतो का ते आधी बघा. बहुतेक स्वस्त डिस्प्लेंच्या रॉममध्ये ती अक्षरं नसतात.

बागायतदार_तासगाव

दाखवत नाही. त्याच्यासाठी बाण काढले, ८ दिशांचे ८ बाण. डिस्प्लेला स्वतःची चिन्हं ८ शिकवता येतात, बरोबर तेवढीच लागली. बाण() हे इनमवरचं तिसरं फंक्शन झालं.

आज सकाळी ६ पैकी ५ बागांची दिशा नीट आली. सहाव्याच्या मालकांनी ‘नैरूत्य’ लिहिलं होतं, दीर्घ रू. सारणीत ऱ्हस्व होता, दीर्घ नव्हता. पूर्वी पडद्यावर ‘उत्तर’ आलं असतं. आज त्यांच्या बागेपुढे आलं: ‘दिशा कळली नाही, लिहिलेला शब्द: नैरूत्य’. वडिलांनी वाचलं, चप्पल घातली आणि फडकं बघायला बांधावर गेले.

सारणीत दीर्घ रू घातला आहे.